हात लावू का?

मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आणि या एकतीस वर्षांत एकही माणूस माझ्या गाडीतून फुकट गेला नाही, असं मी ज्याला त्याला ऐकवत आलो. फर्दापूरच्या फाट्यावर चढून पुढच्याच थांब्यावर उतरणाऱ्यालाही मी सोडायचो नाही. तोच मी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, एका कागदावर खोट्या खुणा करताना पकडला गेलो. तेही आईस्क्रीमच्या काड्यांपायी.

झालं असं की माझ्या उजव्या गालात कॅन्सर निघाला. निघाला म्हणजे मीच तो रोज बार भरून भरून वाढवला होता. ड्रायव्हर गाडी काढायचा, मी डबल बेल द्यायचो आणि तंबाखू मळून उजव्या गालात सरकवायचो. डॉक्टरांनी तो गाल आतून कापून काढला, छातीवरचं मांस वळवून तिथे बसवलं आणि मानेतल्या गाठी काढल्या. त्या काढताना खांद्याकडे जाणारी नस दुखावली. आता माझ्या तोंडात आतल्या बाजूला छातीचे केस उगवतात. हे मी अजून वच्छलालाही, म्हणजे माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

टाके निघाले तेव्हा माझ्याकडे उरलं न उघडणारं तोंड आणि न उचलला जाणारा उजवा हात. कंडक्टरची सगळी इस्टेट म्हणजे हीच दोन. तोंडाने गावांची नावं ओरडायची आणि हाताने घंटीची दोरी ओढायची.

दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट सायली नावाची मुलगी होती. तिने मला आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचं पाकीट दिलं. एकावर एक रचून काड्या दातांत धरायच्या, तोंड ताणलं जाईल इतक्या, आणि दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. पहिल्या दिवशी तेरा बसल्या. मग तिने चौकोन आखलेला कागद दिला. दिवसाला पाच चौकोन. व्यायाम झाला की खूण करायची.

"काका, पाच आठवड्यांत शेक सुरू होईल," ती म्हणाली. शेक म्हणजे मशिनीचे किरण. "शेकात तोंड आणखी आवळतं. आत्ता उघडून ठेवलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. मग जेवण नळीनं."

आठवडाभर मी इमानदारीने केलं. नंतर नुसत्याच खुणा करू लागलो.

का, ते सांगतो. हडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघर. आरशासमोर तोंड वासून बसलं की बधीर ओठातून लाळ गळते आणि ती गळतेय हे कळतही नाही. आणि घरात सून. आमच्या घराण्यात सासरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला की खाकरतो, सून डोक्यावर पदर ओढते, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. चार वर्षांत मी तिच्याशी सरळ बोललो असेन तर चार-सहा वेळा. बाकी सगळं वच्छलामार्फत, "तिला म्हणावं, चहा टाक." असल्या माणसाने तिच्यादेखत लाळ गाळत बसायचं कसं, असं मी स्वतःला सांगत होतो.

हे अर्धंच खरं होतं. पूर्ण खरं असं की माझी सून प्रेरणा स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे.

तिचे वडील सांडू हे सोयगावकडचे शेतकरी. त्यांनी लेकीला साडेचार वर्षं इथल्या कॉलेजात शिकवलं. बघायला गेलो तेव्हा त्यांनी सगळं नीट सांगितलं होतं, पण माझ्या कानांनी फक्त 'डॉक्टर'सारखं काहीतरी ऐकलं आणि मी खूश झालो. मग सुपारीच्या दिवशी माझ्या बहिणीचे यजमान, नानासाहेब दाजी, यांनी भर बैठकीत पोरीला विचारलं की ती करते तरी काय. ती म्हणाली, "पेशंटचे व्यायाम घेते. मान, पाठ, खांदे."

"म्हंजे मालिश!" दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "लई भारी, कडुबा! परक्या गड्यांची मालिश करणारी सून आनली तू!"

सगळे हसले. माझे कान तापले. मला राग दाजींचा यायला हवा होता, तो पोरीचा आला.

दुसऱ्या दिवशी मी लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन गुलमंडीतल्या छापखान्यात गेलो. आमच्या ऋतुराजच्या नावापुढे बी.ई. लिहिलं होतं. प्रेरणाच्या नावापुढे सांडूंनी स्वतःच्या अक्षरात बी.पी.टी.एच. लिहिलं होतं, एकेक अक्षर सुटं, चुकू नये म्हणून. मी खिशातलं पेन काढलं आणि ते खोडलं. छापून आलेल्या पत्रिकेवर पोराला पदवी होती आणि पोरीला नुसतं नाव. सांडूंनी पत्रिका हातात घेतली, त्या ओळीवरून दोनदा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चांगली झाली पत्रिका."

लग्नानंतर महिन्याभराने तिच्या नोकरीचा विषय निघाला. मी ऋतुराजला म्हणालो, "परक्या मानसाच्या अंगाला हात लावायचा धंदा आपल्या घरात चालनार नाय." ती दाराआड उभी आहे हे मला ठाऊक होतं. तिला ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्याने बोललो. ऋतुराजने मान खाली घातली. शेवटी तो माझाच पोरगा.

आणि बोलणारा कोण, तर चव्वेचाळीस सीटांच्या गाडीत सत्तर माणसं कोंबून, त्यांच्या अंगाखांद्यावरून रेटारेटी करत तिकिटं फाडणारा मी. माझ्याइतका परक्या अंगाला हात लावलेला माणूस सगळ्या डेपोत नसेल. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता तोंड बंद झाल्यावर सुचतंय.

तर, खुणा. पुढच्या तपासणीच्या दिवशी ऋतुराजची वाळूजच्या कारखान्यात पहिली पाळी होती आणि वच्छलाचे गुडघे धरले होते. म्हणून माझ्याबरोबर प्रेरणा आली. रिक्षात ती एका कडेला, मी दुसऱ्या कडेला, मध्ये माझी फाईल. खिडकीवरच्या माणसाने पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा तिने फाईल पुढे सरकवली.

"नाव सांगा ना, ताई."

"यात लिहिलंय," ती हळूच म्हणाली.

सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. माझ्या मनात आलं, शिकलेली असली तरी वळण आहे. त्या दिवशीही मला तिचं वळण मोजायची हौस होती.

आत सायलीने माझ्या दातांत काड्या सरकवायला सुरुवात केली. नऊ बसल्या. दहावी जाईना. तिने कागद उघडला. त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या चौकोनांत खुणा होत्या. पुढच्या दोन दिवसांच्यासुद्धा मी करून ठेवल्या होत्या.

"काका, रोज पाच वेळा केलंय? आणि तेरावरून नऊ?"

मी कागदाकडे हात नेला, तिने तो बाजूला सरकवला.

"घरच्या काड्या आणल्यात का?"

प्रेरणाने पिशवीतून पाकीट काढून दिलं. सायलीने एकेक काडी उजेडात धरली. पांढऱ्याफटक. एकीवरही दाताचा वळ नाही. तिकीट नसलेला प्रवासी खिसे चाचपडायला लागला की मला लगेच कळायचं. आता मीच खिसे चाचपडत होतो. सायली रागावण्यासाठी म्हणून घरच्या माणसाकडे वळली आणि थांबली.

"प्रेरणाताई? मी सायली! तुमच्या मागं दोन वर्षं होते!" ती एकदम उठूनच उभी राहिली. "काका, आम्हाला खांदा कसा धरायचा ते यांनी शिकवलंय, इंटर्न होत्या तेव्हा! ताई, आता कुठं प्रॅक्टिस करता?"

"आता नाही करत."

"का?"

प्रेरणाने पिशवीची चेन ओढून बंद केली. "घरी असते," ती म्हणाली.

एवढंच. 'यांनी करू दिलं नाही' असं ती म्हणू शकली असती. मी तिथेच बसलो होतो, बोट दाखवायलाही सोपा. सायलीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिला काय ते कळलं. माझ्या कपड्यांवर सगळ्यांनी चिखल उडवला असता तरी मला इतकं लाजिरवाणं वाटलं नसतं.

"तीन आठवड्यांनी शेक आहे," सायली माझ्याकडे न बघता म्हणाली. "तोपर्यंत बारा काड्या झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर नळी."

घरी वच्छलाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य टाकलं, "काखेत कळसा अन् गावाला वळसा."

मला राग आला. सुनेला विचारायची वेळ येऊ नये म्हणून मी ठरवलं, आपलं आपण करायचं आणि एका दिवसात करायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छला शेजारी गेली होती. मी काड्या घेतल्या. नऊ बसल्या. मग दहावी ठोकली, अकरावी ठोकली. सत्तर माणसं कोंबणाऱ्याला बारा काड्यांचं काय, असं म्हणत बारावीही घुसवली. त्याबरोबर जबड्यात असा गोळा आला की डोळ्यांसमोर अंधारी आली. काड्या बाहेर येईनात. ओढाव्या तर हिरडी फाटतेय असं वाटे. रक्ताची चव आली.

घरात एकच माणूस होतं.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलो. खाकरायला गेलो, तर आवाजच फुटेना. नुसती हवा आणि लाळ. कधीतरी ती वळून बघेल म्हणून मी तसाच उभा राहिलो. तोंडात लाकडाचा गठ्ठा, हनुवटीवरून लाल लाळ बनियनवर. ती खाली बसून मेथी निवडत होती. तिने वर पाहिलं. तिचा हात ओढणीकडे गेला, अर्ध्यात थांबला. मग ती उठली. नळाखाली कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पुसले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"मामा, हात लावू का?"

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं टोमणा आहे. चार वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य ती माझ्या अंगावर फेकतेय. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ती खरंच विचारत होती, आणि मी हो म्हटल्याशिवाय ती हात लावणार नव्हती. मला मान हलवावी लागली.

तिने एक तळहात माझ्या जबड्याखाली दिला. "नाकानं श्वास घ्या. खांदे सोडा. मी ओढणार नाही." मग मधली एक काडी तिने बोटाने कडेला सरकवत सरकवत काढली. ती निघताच बाकीच्या सैल झाल्या. सगळ्या काड्या तिच्या तळहातात पडल्या, थुंकी आणि रक्तासकट. तिने त्या ओट्यावर ठेवल्या, ओल्या टॉवेलने माझी हनुवटी पुसली. तिचे हात थरथरत होते. मला वाटलं, किळस येतेय. येणारच.

"एकदम ठोकायच्या नसतात, मामा," ती म्हणाली. "आठनं सुरू करायचं. मग एकेक."

त्या दिवसापासून सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला ती पुढच्या खोलीत माझे व्यायाम घेऊ लागली, कारण उजेड तिथे होता. आधी गरम टॉवेलने मान शेकायची, मग टाक्यांच्या वणावरून तेलाचं बोट फिरवायचं. "शेक सुरू झाला की हे दोन्ही बंद," तिने बजावलं. मग काड्या. मग भिंतीवर बोटांनी चालत चालत हात वर न्यायचा. हात जिथे अडेल तिथे ती पेन्सिलीने रेघ मारायची. हात वर जाताना माझ्या पाठीचं पातं, म्हणजे खांद्यामागचं हाड, ती तळहाताने आधार देऊन वळवायची, आणि तेवढ्या आधाराने हात दोन बोटं जास्त जायचा. दर वेळी आधी तोच प्रश्न. सकाळी विचारलंय म्हणून संध्याकाळी विचारायचं नाही, असं नाही. "हात लावू का?" आणि दर वेळी मी मान हलवायचो आणि दर वेळी मला गुलमंडीतलं ते पेन आठवायचं.

एकदा मी न राहवून विचारलं. बोलणं बोबडं, पण तिला कळायचं. "हात कामून थरथरत्यात तुझे?"

ती रेघ मारत होती. "विसरलेय मामा मी. चार वर्षं झाली ना. दुपारी तुम्ही झोपलात की फोनवर बघते, आत्यांच्या गुडघ्यावर करून बघते, मग संध्याकाळी तुमच्यावर."

आत्या म्हणजे वच्छला. मला वाटलं होतं, माझी किळस येऊन तिचे हात कापतात. किळस असती तर बरं झालं असतं. तिच्या हातातली विद्या मी चार वर्षं मेथी निवडायला लावून घालवली होती, आणि ती आता फोनवर बघून ती परत जमवत होती, ज्याने घालवली त्याच्याचसाठी. मी भिंतीकडे तोंड केलं आणि बोटं वर चालवत राहिलो. त्या दिवशी रेघ जरा जास्त वर गेली, कारण मला वळायचं नव्हतं.

नवाच्या दहा काड्या झाल्या, दहाच्या अकरा. मी मनात एक वाक्य तयार करत होतो. शेक संपला की सगळ्यांना बसवून सांगायचं, "सूनबाई, तू आता नोकरी कर, माझी परवानगी हाये." ते वाक्य मला फार आवडलं होतं. त्यात मी मोठा दिसत होतो.

मग एका रविवारी संध्याकाळी नानासाहेब दाजी आले. बाहेर स्कूटर थांबली आणि आवाज आला, "कडुबा, हायेस का रे?" माझा शर्ट काढलेला, प्रेरणाचा तळहात माझ्या पाठीवर. तिने हात काढला. माझ्या खांद्यावर शर्ट टाकला, काड्या टॉवेलखाली सारल्या, आणि दाजींनी चपला काढेपर्यंत ती स्वयंपाकघरात होती. हे सगळं तिने माझी अब्रू राखायला केलं. मी न सांगता.

दाजींनी मोसंब्यांची पिशवी ठेवली आणि भिंतीवरच्या रेघा पाहिल्या. "हे काय रे?"

"व्यायाम."

"घेतं कोन?"

स्वयंपाकघरात कपबशी वाजत होती. दार उघडं होतं. माझं तोंड अकरा काड्यांइतकं उघडत होतं, एक नाव मावायला तेवढं पुष्कळ. मी म्हणालो, "दवाखान्यातून मानूस येतो."

"बाप्या हाये ना? बरं हाये. आजकाल पोरीच पाठवतेत अंग चोळायला."

"व्हय," मी म्हणालो.

आत कपबशीचा आवाज थांबला. थोड्या वेळाने चहा घेऊन वच्छला आली. दाजींचा कप तिने नीट ठेवला आणि माझा असा आदळला की अर्धा बशीत आला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तो हा असा. कॅन्सरने गाल नेला, खांदा नेला, पण त्या एका माणसाच्या हसण्याची भीती तेवढी शिल्लक ठेवली. पत्रिकेवर खोडलं तेव्हा मला अक्कल नव्हती असं म्हणता आलं असतं. आता काय म्हणू?

दाजी गेले. अर्धवट राहिलेला व्यायाम आज काही ती घेणार नाही, असं मला वाटलं. घेऊ नये असंही वाटलं. पण ती टॉवेल घेऊन आली.

"हात लावू का?"

माझी मान हलेना. ती उभी राहिली. घाई नाही, राग नाही. पण मी हो म्हटल्याशिवाय तिचा हात पुढे येईना. इतका वेळ गेला की शेवटी मीच खाली बघून मान हलवली.

पाठीचं पातं धरून ती म्हणाली, "मामा, उद्यापासून मी सायलीच्या डिपार्टमेंटला जातेय. जागा रिकामी होती. ह्यांच्याशी बोललेय, आत्यांना माहीत आहे. सकाळी नऊ ते चार. संध्याकाळचं मी घेईन, बाकीचे व्यायाम तुमचे तुम्हाला करावे लागतील."

मी वळलो. माझं ते तयार वाक्य तसंच तोंडात राहिलं. परवानगी मला कुणी मागितलीच नव्हती.

"अन् कागदावर खुणा खऱ्या करा," ती म्हणाली, आणि भिंतीवर रेघ मारली.

शेकाच्या आधीची तपासणी आली. ऋतुराजला सुट्टी मिळेना, तेव्हा नानासाहेब दाजी स्वतःहून म्हणाले, मी येतो, तुझ्या त्या मानसालाबी भेटू. नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. दोन्ही बाजूंना माझ्यासारखेच. कुणाचा गाल आत गेलेला, कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणाचा खांदा माझ्याहून खाली.

दार उघडलं आणि पांढरा अॅप्रन घातलेली प्रेरणा हातात फाईल घेऊन बाहेर आली. तिने बाकावर नजर फिरवली. मी दिसलो. शेजारी दाजी दिसले. मला वाटलं, आता ही आत जाऊन सायलीला पाठवेल. खरं सांगतो, तिने तसं करावं अशी माझी इच्छा होती. किंवा नुसतं 'पुढचे' म्हणावं. तिने फाईलकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कडुबा आसाराम दांडगे."

माझ्या बापासकट माझं नाव. तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

"आरं, ही तुपली सून ना?" दाजी ताडकन म्हणाले. "सासऱ्याचं नाव घेतलं हिनं! चारचौघांत! अन् ही इथं काय करती?"

प्रेरणा दारात उभीच होती. ती दाजींकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. "कडुबा आसाराम दांडगे कोण आहेत? हात वर करा," ती म्हणाली. सगळ्या पेशंटना म्हणत असेल तसंच.

मी उठलो आणि उजवा हात वर केला. खांद्याच्या वर गेला. गाडीतल्या घंटीच्या दोरीइतका उंच नाही, पण जवळपास तेवढा, आणि तिथेच राहिला.

"दाजी," मी म्हणालो, "घरी येनारा मानूस... हीच."

"काय? काय म्हन्तो?"

मी पुन्हा म्हणालो. त्यांना पुन्हा कळलं नाही. सगळा बाक आता ऐकत होता. तिसऱ्यांदा मी जोर लावला तेव्हा थुंकी उडून त्यांच्या शर्टावर पडली. "व्यायाम हीच घेती माझा. फिजिओथेरपिस्ट हाये. पत्रिकेवरून मीच खोडलं होतं. तुम्ही हसाल म्हनून." 'फिजिओ' म्हणताना ओठ मिटेना, 'हिजिओ' झालं. बाकावर कुणी हसलं नाही. निम्म्यांची तोंडं माझ्यासारखीच होती. दाजींनी रुमाल काढून शर्ट पुसला.

मला वाटलं होतं, हे बोललो की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. चार वर्षं उशिरा बोललेलं, तेही पकडला गेल्यावर.

आत मी स्टुलावर बसलो. तिने साबणाने हात धुतले.

"हात लावू का?"

"लाव," मी तोंडाने म्हणालो.

काड्या एकेक करून आत गेल्या. तिचे हात आता थरथरत नव्हते. अकरा बसल्या. बारावी तिने टेकवून पाहिली आणि परत घेतली.

"अकरा. आज नळी नाही. पण बारा हव्या होत्या." तिने माझा कागद उघडला. ओळीने पाचपाच खुणा, एकही चौकोन रिकामा नाही. तिने खुणांवरून बोट फिरवलं. "दिवसातून किती वेळा करता?"

पाच म्हणणं सोपं होतं. कागदावर तसंच होतं. "तीन," मी म्हणालो.

तिने अॅप्रनच्या खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "मग रोजच्या दोन खोडा."

बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती. ती शेजारी उभी राहिली, आणि मी पहिल्या ओळीपासून माझ्या हाताने एकेक खूण खोडत गेलो.